पाहुणा आणि वाटेकरी

सिंहस्थ आला की नाशिकला परप्रांतीयांचे कौतुक सुरू होते. आखाड्यांचे साधू उत्तरेतून येतात, हिंदीतच बोलतात, तपोवनात मुक्काम ठोकतात. त्यांच्यासाठी रस्ते रुंद होतात, घाट बांधले जातात. त्यांना मराठी येते का, हे कुणी विचारत नाही. त्याच गोदाघाटावर छठच्या संध्याकाळी सातपूर-अंबडचे बिहारी कामगार मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायला उतरले की मात्र कपाळांना आठ्या पडतात. साधू जाणार असतो, कामगार राहणार असतो. पाहुण्याला हे गाव डोक्यावर घेते. वाटा मागणारा खुपतो. नाशिकचा इतिहास चाळला तर हेच वेगवेगळ्या वेशांत भेटत राहते.

जुन्या नाशिकला बाहेरच्यांचे वावडे नव्हते, आणि असून परवडलेही नसते. गाव यात्रेकरूंवर जगणारे. जिल्ह्यातले मालेगाव तर बाहेरून आलेल्या हातांनीच उभे राहिले. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास तिथे भुईकोट बांधायला घेतला, तेव्हा सुरतेकडचे आणि उत्तरेतले कारागीर आले आणि त्यातले काही तिथेच राहिले, असे सांगतात. १८५७ नंतर, पुढे दुष्काळांतही, आजच्या उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर आग्रा रोडने खाली उतरले आणि मालेगावात स्थिरावले. त्यांच्या मागांवर विणली गेली ती मराठी बायकांची रंगीत लुगडी. घरात उर्दू बोलणाऱ्या विणकराने आमच्या आज्या-पणज्यांना नेसवले, आणि त्याने आपल्यासारखे व्हावे असे कुणाच्या मनातही आले नाही.

याला सहिष्णुता म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. त्या काळचे गाव आळ्या-आळ्यांचे होते. नवा आला की आणखी एक आळी वाढायची, त्याने आपल्या आळीत राहून आपला धंदा करायचा. बरोबरीचा हक्क मागायचा नाही, ही अट न बोलता सगळ्यांना ठाऊक होती. ती मोडली की काय होते ते २ मार्च १९३० पासून दिसले. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे सुमारे पाच वर्षे चालवला, आणि दार उघडले नाही. काशीहून आलेला सवर्ण यात्रेकरू थेट गाभाऱ्यापुढे. पिढ्यान् पिढ्या याच मातीत राबलेला माणूस दाराबाहेर. तेव्हा भूमिपुत्र कोण, याचा निकाल भूमीवरून लागत नव्हता.

१९६० साली भाषेच्या पायावर राज्य झाले आणि कसोटी बदलली. आता भाषा विचारली जाऊ लागली, आणि भाषेच्या पाठोपाठ नोकरी. मुंबईत १९६६ला शिवसेना निघाली, तिचा पहिला रोख दाक्षिणात्यांवर होता. नाशिकने हे सारे लांबून पाहिले, कारण सातपूरची औद्योगिक वसाहत आणि ओझरचा विमान कारखाना उभा राहत असताना इथे लोंढा आला तो मुख्यतः जळगाव-धुळ्याचा. सिडकोच्या घरांत खान्देश वसला. अहिराणीची टिंगल झाली; पालिकेची उमेदवारी वाटताना खान्देशी मते किती, हा हिशोब अजूनही मांडला जातो. पण नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई सिडकोत वाजत-गाजत निघते आणि शेवभाजी आता सगळ्या नाशिकची झाली आहे. (बदल्यात तिथल्या नातवंडांची अहिराणी सुटत चालली. सामावून जाण्याची ही किंमत फारसे कुणी मोजत नाही.)

उत्तरेतला कामगार वाढला तेव्हा मुंबईचे भांडण इथवर पोचले. फेब्रुवारी २००८ मध्ये मनसेच्या आंदोलनात सातपूर-अंबडच्या वस्त्यांवर दहशत बसली, नाशिकरोड स्थानक गाठोडी घेतलेल्या माणसांनी भरून गेले आणि हजारोंनी शहर सोडले. कामगारांच्या एका बसवर दगडफेक झाली. त्यात जो मेला तो हिंदुस्तान एरोनॉटिक्समधला मराठी कर्मचारी होता. मूठभर टवाळांचे हे काम, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. पुढच्याच वर्षी शहरातल्या तीनही जागांवर मनसेचे आमदार निवडून आले, आणि २०१२ला महापालिकेत १२२ पैकी ४० जागा जिंकून तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. २०१७ला त्या पाचवर आल्या, पण त्यामागे रस्ते-पाण्याचा हिशोबही होता. मन बदलल्याचा पुरावा म्हणून तो आकडा मी धरणार नाही.

मराठी पोराची तक्रार खोटी होती असेही नाही. आयटीआय करून तो फाटकावर उभा, आणि आत कंत्राटदाराने आणलेला माणूस बारा तास राबतो, युनियनचे नाव काढत नाही, घरभाडे वाचवायला दहाजणांत राहतो. ८० टक्के स्थानिकांचे सरकारी धोरण कागदावर आहे, आणि १५ वर्षे राहिलेला परप्रांतीयही त्या कागदावर स्थानिकच ठरतो. वाटा खाल्ला तो कंत्राटी पद्धतीने. दगड पडला तो तिच्या दुसऱ्या बळीवर.

आणि पेठ-सुरगाण्याचा आदिवासी? छाटणीच्या दिवसांत तो दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर येतो, मांडवाकडेला पाल ठोकून राहतो, पोरांची शाळा बुडते. तो याच जिल्ह्याचा, त्याच्याइतका भूमिपुत्र दुसरा कोण? त्याच्या वाट्यासाठी २००८ सारखे रान कुणी उठवल्याचे मला आठवत नाही.

१ मे २०२० ला महाराष्ट्राच्या स्थापनेला ६० वर्षे झाली. कोरोनाच्या टाळेबंदीत आग्रा रोडने पायी निघालेल्या आणि नाशिकला अडवून निवाऱ्यात ठेवलेल्या मजुरांना घेऊन राज्यातली पहिली श्रमिक विशेष गाडी त्या रात्री नाशिकरोडहून भोपाळकडे सुटली. महामार्गावर त्यांना पाणी, चपला, पोळीभाजी देणारे हात नाशिकचेच होते. ते हात खोटे नव्हते. पण जाणाऱ्याला निरोप देणे नाशिकला नेहमीच जमले आहे. टाळेबंदी उठली, कारखाने सुरू झाले, आणि राहणाऱ्याचा प्रश्न पुन्हा होता तिथेच आला.

२०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. मला ते योग्य वाटले. पण शाळेत हिंदीची सक्ती नको म्हणणाऱ्या आपण परप्रांतीय कामगाराला मराठी यायला हवी असे म्हणतो, तर ती त्याने शिकायची कुठे? बारा तासांच्या पाळीत, की दहाजणांच्या खोलीत? नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे, कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे, दोन औद्योगिक वसाहती आहेत. येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, एक भाषण कमी करा आणि सातपूरला रविवारचा फुकट मराठी वर्ग काढा. फळा-खडूचा खर्च कारखानदारांकडून घ्या. मराठी पोरांना नोकरी नाकारताना त्यांचे जे वाचले, त्यातून तो सहज निघेल.