पोटातील गोळा आणि ईमानाचा निवाडा

सकाळच्या गर्दीत दिवा, मुंब्रा वा डोंबिवली स्थानकावर उभा असलेला माणूस आठवा. घास घाईने गिळलेला, डबा छातीशी धरलेला आणि पोटात गोळा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातील प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले. त्याची भीती निराधार नाही. अशा माणसाला पोटाचा विकार जडला की कोणी सहज म्हणून जातो, ‘‘ईमान कमजोर आहे, तवक्कुल ठेव.’’ हा निवाडा न्याय्य आहे काय?

आधी देहाची रचना पाहू. अन्ननलिकेपासून मोठ्या आतड्यापर्यंत मज्जातंतूंचे जाळे पसरलेले असून ते मेंदूशी जोडलेले आहे. भयाची चाहूल लागताच जठराचे काम मंदावते, मोठे आतडे मात्र उतावीळ होते. म्हणून कुणाला मळमळ, कुणाला जुलाब. तथापि प्रत्येक दुखणे चिंतेच्या माथी मारणेही चूक. जठरव्रणाचे खापर दीर्घकाळ चिंतेवर फोडले जाई. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी त्यामागील जिवाणू दाखवून दिला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कुरआनकडे वळू. सूरह यूसुफ सांगते की, पुत्रवियोगाच्या दुःखाने हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे झाले. ते प्रेषित होते, सब्राचा आदर्श होते. तरी दुःख देहात उतरलेच. त्यांच्या ईमानावर शंका कोण घेईल? स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) चिंता व दुःखापासून अल्लाहचा आश्रय मागत. घरात मृत्यू झाला की हजरत आयेशा (र.) तलबीना, म्हणजे पिठाची पातळ पेज, शिजवायला सांगत; तिने रुग्णाच्या मनाला दिलासा मिळतो, असे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते. दुःखिताच्या पोटाचीही येथे काळजी आहे.

तवक्कुल म्हणजे उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवणे. दुखणे रेंगाळले, वजन घटले वा शौचातून रक्त गेले, तर वैद्याकडे जाणे हे उंट बांधणेच होय.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जेवण वाढलेले असताना नमाज उभी राहिली, तर आधी जेवून घ्यावे, अशी हदीस आहे. अल्लाहची इबादत जिथे भुकेल्यासाठी थांबते, तिथे कामगाराची जेवणाची अर्धी घटका हिरावण्याचा अधिकार कोणत्या मालकाला आहे? ईमानाची तपासणी करायचीच असेल, तर ती रुग्णाच्या पोटापासून नव्हे, त्याला घाई करणाऱ्या आपल्या हातांपासून सुरू करावी.