मालकाचे सामान

पुण्या-नाशिककडच्या जुन्या वाड्यांतून जागा भाड्याने देण्याची एक पद्धत होती. मालक तीन खोल्या द्यायचा, पण त्यांतल्या एका खोलीच्या कोपऱ्यात त्याची एक भली मोठी पेटी, दोन घंगाळी आणि एक मोडका पलंग तसाच ठेवून जायचा. "राहू द्या हो, तुमच्याकडे काही खायला मागत नाहीत!" असे वर हसून म्हणायचा. भाडेकरू त्या पेटीला वळसा घालून संसार करी. दिवाळीच्या साफसफाईत सारे घर अंगणात आले, तरी ती पेटी जागची हलत नसे. हळूहळू घरातल्या बाईने तिच्यावर चादर घालावी, मुलांनी तिच्यावर बसून अभ्यास करावा आणि ती आपली नाही हेच सर्वांनी विसरून जावे, असा तो क्रम असे.

तो भाडेकरू निदान भाडेकरू होता. जागा त्याची नव्हती, हे तो जाणून होता. पण या दिवाळीत ज्या घरी नवा फोन येईल त्या घराचे काय? पैसे पूर्ण मोजलेले, पावती आपल्या नावाची. डबा उघडून फोन सुरू करावा, तो आत कोणाकोणाचे सामान आधीच मांडलेले! दोन-तीन खेळ, एखादे खरेदीचे दुकान, बातम्या देणारा कोणी, कर्ज देऊ करणारा कोणी. यांपैकी काही काढून टाकता येतात. काही मात्र हटत नाहीत. तेव्हा सहज मनात येते की, जी वस्तू मी विकत घेतली तिच्यात काय नसावे हे ठरवण्याचा अधिकार जर माझा नसेल, तर मी नेमके काय विकत घेतले? आणि हा अधिकार माझ्या हाती यावा म्हणून सरकारने मध्ये पडावे काय?

प्रश्न ऐकायला हलका वाटतो. आमच्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या मुलाने त्यांना एक स्वस्तातला फोन घेऊन दिला. त्या फोनवर त्यांनी आपल्या आईच्या ओव्या भरून ठेवल्या होत्या. आई दळताना म्हणायची त्या, आता नव्वदीत पोचलेल्या आवाजातल्या. एके दिवशी फोन जागा भरली म्हणून कुरकुरू लागला. मधल्या सुट्टीत मावशी तो माझ्याकडे घेऊन आल्या. आम्ही दोघे कट्ट्यावर बसून एकेक चित्र दाबून पाहू लागलो. जी त्यांना ओळखूही येत नव्हती अशी कितीतरी निघाली. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, हे तर मी आणलेलं न्हाई. मग माझ्यानं जात का न्हाई?"

मी काही उत्तर देण्याच्या आत त्यांनी स्वतःच तोडगा काढला. ओव्यांतल्या निम्म्या त्यांनी पुसून टाकल्या. "म्हातारी हाय अजून, पुन्यांदा म्हणंल," असे म्हणत त्या चुलीकडे निघून गेल्या. कुठल्याशा कंपनीचा खेळ जागेवर राहिला आणि घरची ओवी गेली. यात कोणी चोरी केली नाही, कोणी दमदाटी केली नाही. पण काय राखावे आणि काय टाकावे, याचा निवाडा मावशींनी करायचा होता, तो त्यांच्यासाठी आधीच कोणीतरी करून ठेवला होता.

हा निवाडा कसा होतो, हे आपल्या देशात एकदा सविस्तर तपासले गेले आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगल कंपनीला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कायद्याची कलमे मला उलगडत नाहीत. परंतु आयोगाचे म्हणणे समजायला वकिलाची गरज नाही. ज्या शेतकऱ्याने खतदुकानातले 'लिंकिंग' अनुभवले आहे, त्याला ते एका वाक्यात कळेल. युरियाची गोणी हवी ना? मग सोबत ही औषधाची बाटलीही घ्यावीच लागेल! तसेच इथे. फोन बनवणाऱ्याला गूगलचे प्ले स्टोअर हवे असेल, तर त्याबरोबर त्या कंपनीच्या ॲपांचा सगळा संच फोनमध्ये घालावा लागे. आणि ते दुकान नसलेला फोन घेणार कोण? ही अट अन्यायाची आहे असे आयोगाने ठरवले. शोधयंत्र कोणते वापरायचे हे फोन सुरू करतानाच माणसाला निवडू द्या, आणि आधी भरलेली ॲपे काढून टाकण्याची मुभा द्या, असेही बजावले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती नाकारली, तेव्हा कंपनीने भारतात काही अटी सैल केल्या. पुढे २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. मात्र काढून टाकण्याच्या मुभेचा आदेश रद्द केला. ही ॲपे बंद करून ठेवता येतात, तेव्हा तेवढे पुरे आहे, असा त्याचा विचार होता.

बंद करणे आणि काढून टाकणे! न्यायाधिकरणाचा मान राखूनही मला वाटते की, या दोन क्रियापदांत माणसाच्या स्वातंत्र्याचा बराच भाग सामावलेला आहे. पेटीवर चादर घालणे निराळे आणि पेटी मालकाच्या दारात नेऊन ठेवणे निराळे.

तुम्ही म्हणाल, नको असेल तर दुसरा फोन घ्यावा. बाजार मोकळा आहे. पण दुसऱ्या फोनात दुसऱ्या मालकाची पेटी असते. गल्लीतल्या प्रत्येक घरात कोणाची ना कोणाची पेटी असेल, तर घर निवडण्याच्या मोकळेपणाला फारसा अर्थ उरत नाही. तुम्ही असेही म्हणाल की, आपले ॲप भरून घेण्यासाठी लोक फोनवाल्याला पैसे देतात, म्हणून तर गरिबाला फोन स्वस्त पडतो. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते उडवून लावणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मावशींच्या मुलाला चार पैसे कमी पडले असतील. पण मग तो सौदा उघड असावा. डब्यावर दोन किमती लिहाव्यात, एक सामानासकट आणि एक सामानाशिवाय. ज्या स्वस्ताईची किंमत घेणाऱ्याला माहीतच नसते, तिला सवलत म्हणता येत नाही.

येथवर सारे सोपे आहे. एका बाजूला बलाढ्य कंपनी, दुसऱ्या बाजूला साधा माणूस आणि त्याच्या पाठीशी सरकार. पण २०२५ सालच्या अखेरीस याच प्रश्नाने कूस बदलली. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने फोन बनवणाऱ्यांना आदेश दिला की, नव्वद दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप भरलेले असावे, ते पहिल्याच वेळी नजरेस पडावे आणि त्याचे काम बंद पाडता येऊ नये. म्हणजे ज्या पेटीविरुद्ध आपण सरकारकडे दाद मागावी, तशीच एक पेटी खुद्द सरकारच कोपऱ्यात ठेवू पाहत होते!

या ॲपचा हेतू वाईट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. चोरीला गेलेला फोन त्यावरून बंद पाडता येतो. आपल्या नावावर कोणी परस्पर किती सिमकार्डे घेतली आहेत, ते पाहता येते. फसवणुकीच्या या दिवसांत ही मोठीच सोय. तरीही देशभर गलबला उठला. 'हवे तर काढून टाका' असे मंत्र्यांना २ डिसेंबरला सांगावे लागले, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. ती मागे घेताना सरकारनेच सांगितले की, एका दिवसात सहा लाख लोकांनी आपण होऊन हे ॲप घेण्यासाठी नोंद केली. मला त्या साऱ्या प्रकरणात हा आकडा सर्वांत बोलका वाटतो. वस्तू कामाची आहे हे कळले, तर माणसे ती घेतात. मग सक्तीची निकड होती कुठे?

या ठिकाणी मला एक अडचण जाणवते, आणि ती माझ्या धंद्यातली आहे. मी शिक्षक आहे. लादणे हा माझा रोजचा उद्योग. सातचा पाढा पाठ करायचा की नाही, हे मी कधी मुलांना विचारले नाही. भल्यासाठी लादायला हरकत नाही हे मला शाळेत चालत असेल, तर सरकारला किंवा कंपनीला का चालू नये? आम्हीही तुमच्या भल्यासाठीच करतो, असे ते म्हणणारच.

बराच विचार केल्यावर मला वाटते की, फरक हेतूत नाही, शेवटात आहे. मी पाढा लादतो तो पोराने पुढे दुकानदाराचा हिशोब स्वतः तपासावा म्हणून. माझी गरज संपावी म्हणून. दहावीनंतर तो माझ्या वर्गात येत नाही, आणि मी शिकवलेले त्याने खोटे ठरवले तरी मला त्याला अडवता येत नाही. माझ्या सक्तीला दार आहे. जी पेटी कधीच हलवायची नाही तिच्या सक्तीला दार नाही. शिवाय तो मूल आहे, आणि मावशी मूल नाहीत. दोनशे पोरांचे जेवण अंदाजाने अचूक शिजवणाऱ्या बाईला, तिच्या हातातल्या वस्तूत काय असावे एवढे कळत नाही, असे धरून चालण्याचा अधिकार कंपनीला नाही आणि सरकारलाही नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, त्याच्या मुळाशी माणसाबद्दलचा हाच आदर आहे, अशी माझी समजूत आहे.

म्हणून सरकारने मध्ये पडावे काय, या प्रश्नाला माझे उत्तर 'पडावे' असेच आहे. माणूस एकटा एवढ्या मोठ्या कंपनीशी भांडू शकत नाही. पण सरकारने पडावे ते किल्ली माझ्या हाती देण्यासाठी. स्वतःचे कुलूप लावण्यासाठी नव्हे. युरोपीय संघाने बड्या कंपन्यांसाठी केलेला कायदा मार्च २०२४ पासून पाळावा लागतो. त्यात फोन चालण्यासाठी जे अत्यावश्यक तेवढे सोडून बाकीचे सहज काढता आले पाहिजे, असे म्हटले आहे. नियम एवढाच असावा आणि तो करणाऱ्यालाही लागू असावा. तराजू तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने आपले बोट पारड्यावर ठेवू नये, एवढीच अपेक्षा आहे.

आणि हा नियम फक्त दिल्लीतल्या कचेऱ्यांसाठी आहे असेही नाही. या पाडव्याला कितीतरी मुलगे आपल्या वडिलांना नवा फोन देतील. कौतुकाने देतील. आणि देण्यापूर्वीच त्यात काय असावे, काय नसावे, कोणाचे काय दिसावे हे सारे आपणच ठरवून टाकतील. "बाबांना काय कळतंय त्यातलं!" असे म्हणतील. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. वाड्याच्या मालकालाही भाडेकरूबद्दल आपुलकी असेच. पण फोन हाती देताना घटकाभर शेजारी बसून, एकेक चित्र दाखवून, "बाबा, यातलं तुम्हाला काय काय ठेवायचंय?" एवढे विचारून पाहावे. वेळ थोडा जास्त लागेल. बाबा कदाचित तुम्हाला अत्यंत जरुरीचे वाटणारे काहीतरी काढून टाका म्हणतील. त्या वेळी ते खरोखर काढून टाकावे.