स्वयंभू गांधार

आई गेली त्या वर्षी मी तानपुरा गवसणीतून बाहेर काढलाच नाही. भेटायला येणारे म्हणायचे, "सुटल्या हो." मला चीड यायची. माझं दुःख हलकं व्हावं म्हणून ही माणसं बोलत होती, पण मला ते हलकं करूनच नको होतं.

त्याच दिवसांत एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट यांची एक रचना ऐकली. डिसेंबर १९७६ मध्ये इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन वारले. पार्टना त्यांच्या संगीताची ओळख नुकती झाली होती, भेटायची इच्छा होती, ती राहून गेली. १९७७ सालची ही रचना ब्रिटन यांच्या स्मरणार्थ आहे. तंतुवाद्यांचा वाद्यवृंद आणि एकच घंटा, बस्स.

सुरुवातीला थोडी शांतता, मग घंटा, मग फक्त अवरोह. आपल्या भाषेत सांगायचं तर आसावरी थाटाचे स्वर, गांधार कोमल. वाद्यांचे पाच गट तोच अवरोह घेतात, पण प्रत्येक गटाची लय आधीच्याच्या निम्मी. पहिल्या गटातली व्हायोलिनं भराभर उतरतात, डबल बास त्यांच्या सोळापट सावकाश. हे ऐकताना मला आमचं घर दिसलं. बहीण महिन्याभरात कामाला लागली. मी वर्षभर रेंगाळले. बाबा अजून सकाळी दोन कप काढतात, मग एक परत ठेवतात. अवरोह सगळ्यांचा तोच.

शेवटी सगळे आपापल्या खालच्या सुरावर येऊन ठाकतात. त्या भरगच्च आवाजात घंटेचा शेवटचा टोला इतका हळू पडतो की कळतही नाही. वाद्यं एकदम थांबतात, आणि घंटेचा नाद उरतो. कान देऊन ऐकलं तर त्यात शुद्ध गांधार आहे, वाद्यांपैकी कोणीही न वाजवलेला.

तानपुऱ्यावर बसणाऱ्याला हा गांधार परका नाही. खर्ज नीट लागला, जवारी खुलली, की तो आपोआप बोलतो. आमच्या गाण्याच्या बाई तो ऐकू आल्याशिवाय 'सा' लावू देत नसत.

पार्ट ऑर्थडॉक्स ख्रिस्ती आहेत, ते याला कृपाच म्हणतील. आमच्या माळकरी घरातही हाच शब्द आहे. पण कृपा शेवटी येते, की आधीपासून असते? घंटा तर पहिल्यापासून वाजत होती. प्रत्येक टोल्यात तो गांधार असणारच, वाद्यांच्या गर्दीत कानापर्यंत पोचत नव्हता एवढंच. मला वाटतं, ती असतेच. आणि विशेष म्हणजे वाद्यं आपला कोमल गांधार सोडत नाहीत. त्यांना कोणी गप्प करत नाही, समजावत नाही. शेवटच्या सुरापर्यंत उतरू दिलं जातं.

परवा तानपुरा काढला. तारा उतरल्या होत्या. खर्ज लावून तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवत होते, तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले.

"लागला का गं?"

"थांबा बाबा, ऐका जरा."

ते खाली बसले.