सोमसूत्रापर्यंत जाऊन परत

मुखेडच्या बसस्थानकाबाहेर एका परगावच्या पाहुण्यानं रिक्षावाल्याला विचारलं, "इथं बघण्यासारखं काय आहे?" उत्तर लगेच आलं, "बघण्यासारखं काय न्हाई साहेब. दशरथेश्वराचं दर्शन घ्या." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. मीही आजवर हेच मानत आलो होतो : बघणं वेगळं आणि दर्शन वेगळं. बघणारा फोटो काढून निघून जातो. दर्शनाला आलेला मात्र काही मागतो, काही वाहतो, पुन्हा येतो.

भाच्याला हा भेद मान्य नाही. तो पेरूमधलं कुस्को पाहून आलाय. अँडीज पर्वतातलं, सुमारे ३,४०० मीटर उंचीवरचं ते शहर ही इंकांची राजधानी. त्यानं एका भिंतीचा फोटो दाखवला. बारा कोनांचा एक दगड, चुन्याशिवाय शेजारच्या दगडांत चपखल बसवलेला. "मामा, हा एक दगड बघायला जगभरातून लोक येतात." मी म्हणालो, "पण त्यात देव नाही." तो म्हणाला, "तुमच्या देवळात देव आहे. पण देऊळ कुणी बघितलंय का?"

उत्तर सुचलं नाही. उलट दगडाचाच विचार सुरू झाला. कुस्कोत स्पॅनिशांनी इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर आपला मठ बांधला. १९५०च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, खालच्या इंकांच्या भिंती मात्र उभ्याच राहिल्या. हे ऐकलं की आमच्या भागातल्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट आठवतेच. किल्लारीला गणपती विसर्जन करून झोपलेली माणसं जाड दगडी भिंती आणि मातीच्या माळवदाखाली गाडली गेली. तिथंही दगडच होता. पण तो नुसत्या मातीत रचलेला होता. इंकांचा दगड आत किंचित कललेल्या भिंतीत, दगडाला दगड घासून बसवलेला. दगड कसा सांधलाय यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, आणि सांधा बघितल्याशिवाय कळत नाही.

मग एका संध्याकाळी दशरथेश्वराला गेलो. पिंडीला हात जोडले आणि लहानपणापासून ज्या भिंतीला टेकून बसलो, तिच्यासमोर उभा राहिलो. दगडांच्या सांध्यात नख घालून पाहिलं, शिरेना. उन्हं तिरपी झाली तशा मंडोवरावरच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरच्या, सप्तमातृका आणि सुरसुंदरी सावलीतून वर उठून आल्या. भरदुपारी त्या सपाट दिसतात. या देवळाला आम्ही सर्रास हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री तेराव्या शतकातल्या यादवांचा मंत्री; हे देऊळ त्याच्या आधीचं, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. न बघता हाक मारली की नावही चुकतं.

तिथंच माझा भेद मोडला. फक्त पिंडीशीच काम असतं, तर शिल्पकारानं बाहेरची भिंत इतकी का घडवली असती? प्रदक्षिणेची वाट देवाभोवती जाते, तशीच त्या भिंतीजवळूनही जाते. बघणं हा दर्शनाचाच भाग होता. तो आम्ही सोडून दिला आणि परक्यांचा उद्योग ठरवला. डॉ. गो. बं. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यातली मंदिरं पालथी घातली, मूर्ती वाचायला शिकवलं. त्यांचं ऐकायला आपण देवळात असूनही थांबलो नाही.

भाच्याचं सगळं पटलं असं नाही. देवाला विसरून नुसता दगड बघणं मला आजही अपुरं वाटतं. पण दगडाकडे पाठ फिरवून घेतलेलं दर्शनही तितकंच अपुरं आहे.

म्हणून मुखेडकरांना विनंती आहे. पुढच्या सोमवारी दर्शन झालं की चप्पल घालायची घाई करू नका. मुलाबाळांना घेऊन सावकाश प्रदक्षिणा घाला. सप्तमातृकांमधली चामुंडा ओळखायला लावा. हाडं दिसणारा देह तिचाच असतो. महादेवाची प्रदक्षिणा सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर नेणारी पन्हळ, ओलांडत नाही. तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. त्यामुळे वाटेतली भिंत दोनदा डोळ्यांसमोरून जाते.