बाटली न उघडता

समोर इटलीच्या वाइनची एक बाटली आहे असे समजा. टस्कनीची, लाल, कियांती क्लासिको. पिण्याची घाई नाही. किंमत, मित्रांची मते, दुकानदाराची शिफारस, सगळे तूर्त बाजूला ठेवा. पुढची काही मिनिटे फक्त लेबल वाचायचे आहे. एकेका ओळीवर थांबायचे आणि मनाशी विचारायचे, ही ओळ नेमकी कशाची जबाबदारी घेते?

नजर आधी बाटलीच्या मानेवर न्या. बुचाच्या आवरणावर कागदाची एक अरुंद पट्टी चिकटवलेली दिसेल. ती फाडल्याशिवाय बाटली उघडत नाही. पट्टीवर राज्यचिन्ह आहे, काही अक्षरे आहेत आणि एक क्रमांक आहे. प्रत्येक बाटलीचा क्रमांक वेगळा. ही पट्टी छापते इटलीची सरकारी टांकसाळ, जिथे त्या देशाची युरोची नाणी पाडली जातात. उत्पादकाला अशा पट्ट्या हव्या तेवढ्या मिळत नाहीत. त्याची जितकी वाइन तपासणीतून पार पडली, तितक्याच बाटल्यांपुरत्या मिळतात.

इथे जरा थांबा. एखाद्या पेयाच्या मानेवर नोटेइतक्या काळजीने छापलेला कागद लावण्याची वेळ सरकारवर का यावी?

कारण नावाला भाव येतो, आणि ज्याला भाव येतो त्याची नक्कल होते. हे दुखणे जुने आहे. १७१६ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने फर्मान काढून कियांतीसह चार वाइन-प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. त्या सीमेबाहेरची वाइन त्या नावाने विकायची नाही, असा हुकूम. देशभरासाठी आजच्या व्यवस्थेचा कायदा व्हायला मात्र १९६३ उजाडले. आणि कायदा असूनही १९८६ मध्ये स्वस्त वाइनचे अल्कोहोल वाढवण्यासाठी तीत मिथेनॉल मिसळले गेले. वीसहून अधिक माणसे मेली, काहींची दृष्टी गेली. मानेवरच्या पट्टीकडे आता पुन्हा पाहा. ती नुसती शोभेची नाही, हे लक्षात येईल.

आता खाली उतरा. नावाखाली बारीक अक्षरांत एक लांबलचक ओळ आहे, तिचा संक्षेप डीओसीजी. अर्थ असा, की या वाइनचे मूळस्थान नियंत्रित आहे आणि त्याची हमी दिलेली आहे. ही उतरंडीची सर्वांत वरची पायरी. तिच्याखाली डीओसी, म्हणजे नियंत्रण आहे पण ‘हमी’ हा शब्द नाही. त्याखाली आयजीटी, म्हणजे एखाद्या विस्तृत प्रदेशाची ओळख सांगणारी आणि नियम सैल असलेली वाइन. सर्वांत खाली नुसती ‘वीनो’, जिला गावाचे, प्रदेशाचे नाव लावता येत नाही. युरोपीय संघाच्या नव्या रचनेत वरच्या दोन पायऱ्या मिळून डीओपी होतात आणि आयजीटीला आयजीपी म्हणतात, पण इटलीतले उत्पादक लेबलावर जुनीच अक्षरे वापरत आले आहेत.

या पायऱ्या एका दिवसात बांधल्या गेल्या नाहीत. पहिला डीओसी दर्जा १९६६ मध्ये सान जिमिन्यानोच्या वेर्नाच्चा या पांढऱ्या वाइनला मिळाला. डीओसीजी कायद्यात होती, पण प्रत्यक्षात यायला १९८० उजाडले. तेव्हा बारोलो आणि ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो यांसारख्या मोजक्या नावांना ती मिळाली. आयजीटी तर १९९२ च्या कायद्याने आली. आज डीओसीजी सत्तरहून अधिक आहेत आणि डीओसी तीनशेहून अधिक. पिएमॉन्त प्रांतात तर आयजीटीची पायरीच नाही.

आता नावावर या. इटलीच्या लेबलावरचे ठळक नाव कधी जागेचे असते, कधी द्राक्षाचे, कधी दोन्हींचे. बारोलो हे गाव; त्याच्या वाइनमध्ये फक्त नेब्बिओलो जातीचे द्राक्ष असते, पण लेबलावर त्या जातीचे नाव शोधून सापडत नाही. मोंतेपुल्चानो हे टस्कनीतले एक गाव आहे आणि आब्रुत्सो प्रांतात पिकणाऱ्या एका द्राक्षाचेही नाव आहे. त्या गावाची आणि त्या द्राक्षाची, अशा दोन बाटल्यांमध्ये त्या शब्दापलीकडे फारसे काही सारखे नाही. म्हणून नाव वाचले की क्षणभर थांबून विचारावे, ही जमीन आहे की वेल?

आपल्या बाटलीवरचे कियांती हे जमिनीचे नाव. तिची मुख्य द्राक्षजात सांजोवेझे. हीच जात सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ लावली गेली आहे आणि तिच्यापासून वाइनही होते. वेल अकलूजला आली, पण त्या वाइनला कियांती म्हणता येत नाही. कायद्याने जे बांधून ठेवले आहे, ते नाव आणि माती यांचे नाते.

आता शेजारचा शब्द, क्लासिको. इतर अनेक वाइनवरही तो दिसतो, आणि त्याचा अर्थ ‘उत्कृष्ट’ असा नाही. त्या नावाचा मूळ, जुना टापू एवढेच तो सांगतो. कियांतीपुरता हा टापू म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या टेकड्या. इथल्या उत्पादकांनी १९२४ मध्ये संघ स्थापन केला आणि काळा कोंबडा हे चिन्ह घेतले. तोच कोंबडा तुमच्या बाटलीवर आहे. त्याच्यामागे नियमांची एक वही उभी आहे. सांजोवेझे किमान ८० टक्के हवे, पांढरे द्राक्ष अजिबात नको आणि हेक्टरी पीक साडेसात टनांच्या वर जायला नको. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हा शेवटचा आकडा हसण्याजोगा वाटेल. पण तिथे घड मुद्दाम कमी ठेवतात, कारण वेलीचा जोर थोड्या घडांत उतरावा अशी अपेक्षा असते. ‘क्लासिको’ हा एक शब्द वाचताना ही जाणूनबुजून सोडून दिलेली पिकाची कमाई डोळ्यांपुढे आणा.

पुढची विशेषणे चटकन पाहून घेऊ. रिझेर्वा म्हणजे नेहमीपेक्षा जास्त काळ मुरवलेली; कियांती क्लासिकोत ती मुदत २४ महिन्यांची. बारोलोत साध्या वाइनलाच ३८ महिने लागतात आणि रिझेर्वाला ६२. सुपेरिओरे म्हणजे बहुधा किंचित जास्त अल्कोहोल. ग्रान सेलेत्सिओने ही कियांती क्लासिकोची वरची श्रेणी, स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची आणि ३० महिने ठेवलेली. वर्ष छापले असेल, तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्या वर्षीच्या तोडणीची असतात. आणि तळाशी ‘मुळाच्या जागीच बाटलीत भरली’ अशा अर्थाची ओळ असेल, तर तिच्याजवळचे भरणाऱ्याचे नाव जरूर वाचा. उद्या काही विचारायचे झाले तर ते याच माणसाला विचारायचे.

एवढे वाचल्यावर मन आपसूक एक निष्कर्ष काढते: वरची पायरी म्हणजे चांगली वाइन. त्या निष्कर्षाला घाईने हो म्हणू नका. त्याच्यासमोर दोन बाटल्या ठेवून पाहा.

पहिली सासिकाया. टस्कनीच्या किनारी भागात, बोल्गेरीला, मारियो इंचीसा देल्ला रोक्केत्ता यांनी काबेर्ने सोव्हिन्यों हे फ्रेंच द्राक्ष लावले. १९६८ च्या हंगामाची त्यांची वाइन बाजारात आली. तिथल्या कोणत्याही नियमात ती बसत नव्हती, म्हणून लेबलावर लागली तेव्हाची सर्वांत खालची पायरी, ‘टेबल वाइन’. १९७८ मध्ये लंडनच्या डिकँटर मासिकाने जगभरच्या काबेर्ने वाइन चाखून पाहिल्या, तेव्हा १९७२ ची सासिकाया पहिली आली.

दुसरी तिन्यानेल्लो. कियांतीचे १९६७ चे नियम लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षे मिसळायलाच लावत. आंतिनोरी घराण्याने १९७१ पासून हे नियम झुगारले, कियांती हे नाव सोडले आणि खालची पायरी पत्करली. वाइन गाजली. पुढे नियम बदलले, आणि ज्या पांढऱ्या द्राक्षांची सक्ती होती त्यांनाच कियांती क्लासिकोत मनाई झाली. सासिकायाला २०१३ मध्ये स्वतःची वेगळी डीओसी मिळाली. तिन्यानेल्लो मात्र आजही आयजीटीच आहे.

या दोन बाटल्यांपुढे जरा रेंगाळा. कायदा खोटा ठरला का? नाही. त्याने जे सांगितले ते खरेच होते: ही वाइन आमच्या नियमाने झालेली नाही. ती वाईट आहे, असे तो म्हणाला नव्हता. तो अर्थ वाचणाऱ्याने स्वतःच्या मनाने जोडला.

आपण हे रोज करतो. पेटीवर देवगड लिहिलेले असते आणि ते खरेही असते, तरी आतल्या एखाद्या आंब्यात साका निघतो. पेटीने गावाचे नाव खरे सांगितले. गोडीचे वचन आपण तिच्या तोंडी घातले.

म्हणून पुन्हा लेबलाकडे पाहा आणि तिथे काय नाही ते शोधा. चव नाही. त्या वर्षी पाऊस वेळेवर पडला की तोडणीच्या तोंडावर, ते नाही. उत्पादकाचा हात हलका की जड, ते नाही. डीओसीजीची वाइन तज्ज्ञांचे मंडळ चाखून पास करते हे खरे, पण पास होणे वेगळे आणि मनात भरणे वेगळे. उतरंडीतली पायरी शिस्त सांगते. गुणवत्ता शिस्तीच्या आत असू शकते, बाहेरही असू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी लेबलाला तीनच प्रश्न विचारा: कुठली, कोणत्या नियमाने केलेली आणि कोणी भरलेली. इटलीचा कायदा या तिन्हींची उत्तरे जबाबदारीने देतो. चव कशी, हा चौथा प्रश्न त्याला विचारू नका. त्याचे उत्तर पेल्यात आहे, आणि ते प्रत्येकाने आपापले द्यायचे आहे.