बाबांच्या दुखण्याचा पंचनामा

बाबा हल्ली घरात लुंगीवर असतात. त्यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. पण तीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला हा माणूस रविवारी पेपर आणायलासुद्धा इस्त्रीची पँट घालून जायचा. आता पँटचं कापड उजव्या जांघेला घासलं की ते जागच्या जागी थांबतात. हर्नियाच्या ऑपरेशनला आठ महिने झाले. जखम भरली, टाक्यांची नुसती रेघ उरलीय. सोनोग्राफी नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. आत बसवलेली जाळी जागेवर आहे. दुखणंही जागेवर आहे.

कसं दुखतं, असं विचारलं की ते म्हणतात, "इंगळी डसल्यासारखं. मग आग. मग नुसतं बधिर." डॉक्टरांना मात्र आकडा हवा होता, शून्य ते दहा. म्हणून मी मोबाइलमध्ये नोंद ठेवायला लागलो. रोज रात्री विचारायचं, "बाबा, आज किती?" आणि लिहायचं.

एका रात्री मॅच होती. शेवटच्या ओव्हरला बाबा खुर्चीतून उठून ओरडले. दहा मिनिटांनी आकडा विचारला तर म्हणाले, "आठ." मी आठ लिहिलं आणि पुढे कंसात लिहिलं, 'मॅच बघताना ठीक होते'. मग कंस वाढतच गेले. 'फोनवर हसत होते.' 'दुपारी दोन तास झोपले.' 'पाहुणे आल्यावर आठवलं.'

पुढच्या तपासणीला बाहेर बाकावर बसलो असताना बाबांनी आकडे वाचायला माझा मोबाइल घेतला. शेवटपर्यंत वाचलं आणि परत दिला. त्यानंतर रोजचं उत्तर ठरून गेलं : "सहा." मी विचारायच्या आधीच सहा. एकदा मी म्हटलं, "बाबा, खरं सांगा ना." तर म्हणाले, "चेकिंगवाले गाडीत चढले ना, की हिशोब बरोबर असला तरी छातीत धस्स होतं रे."

मी सेवा करतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी पंचनामा करत होतो.

दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कळू शकतं का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आपल्याकडे त्याचं उत्तर एका म्हणीत आहे : ज्याचं जळतं त्यालाच कळतं. लुडविग विट्गेन्स्टाइनच्या 1953 साली, त्याच्या मृत्यूनंतर, आलेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मध्ये मात्र एक वेगळं आव्हान आहे. तो म्हणतो, पुस्तकातलं सोडा, खऱ्याखुऱ्या प्रसंगात समोरच्याच्या वेदनेवर शंका घेऊन दाखवा. त्याचा रोख असा, की ते सहजासहजी जमत नाही. कुणी कळवळलं तर आपण पुरावा मागत नाही, धावतो.

मला मात्र ते जमलं. का जमलं, याचा मी बराच विचार केला. बाबा लबाड आहेत असं मला कधीच वाटलं नव्हतं. मला भीती वाटत होती. दुखणं खोटं असेल तर प्रश्न मिटतो. ते खरं असेल आणि कारण सापडत नसेल, तर मी करू शकेन असं काहीच उरत नाही. माझी शंका म्हणजे माझ्या हतबलतेची पळवाट होती.

आणि 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ तरी काय? हर्नियाच्या जागेवरून तीन बारीक नसा जातात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावू शकतात, नंतर जाळीभोवतीच्या वणात अडकू शकतात, आणि हे स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. नसांची नेहमीची विजेची तपासणी जाड तंतूंचं काम मोजते. आग आणि कळ वाहून नेणारे तंतू बारीक असतात. साध्या कापडाचा स्पर्श सहन न होणं ही नसेच्या दुखण्याची ओळखीची खूण आहे. म्हणजे 'नॉर्मल'चा अर्थ एवढाच, की या यंत्राला जे दिसतं ते ठीक आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्यासोबत स्पष्ट नोंदवलं, की माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान राखला पाहिजे.

मग बाबा म्हणतील ते सगळंच मान्य करायचं का? मध्यंतरी ते म्हणाले, "ती जाळीच काढून टाकायला सांग." इथे मी अडलो, आणि अडल्यावरच फरक कळला. 'दुखतंय' हे बाबांचं विधान आहे, त्यावर शेवटचा शब्द त्यांचा. 'जाळीमुळे दुखतंय' हा अंदाज आहे, त्यावर डॉक्टर, मी आणि बाबा वाद घालू शकतो. पहिल्यावर विश्वास ठेवला, म्हणून दुसऱ्यावर प्रश्न विचारायचा हक्क मिळाला. मी उलटा क्रम धरून बसलो होतो : आधी कारण दाखवा, मग दुखणं मानतो.

आणि ती मॅच? दुखत असतानाही माणूस षटकाराला ओरडू शकतो. ते त्याच्या दुखण्याविरुद्धचा पुरावा नसतं. त्या दिवसातली तेवढीच मोकळी जागा असते, आणि मी तीही जप्त करायला निघालो होतो.

मी सगळे कंस खोडले. बाबांना तसं सांगितलं, माफीही मागितली. ते "बरं" म्हणाले. आता मी आकडा विचारत नाही. विचारतो, "आज काय करायचं राहिलं?" कधी उत्तर येतं, पेपर आणायला जाता आलं नाही. कधी, जिना चढलो नाही. डॉक्टरांनी नवीन गोळी सुरू केलीय. फरक आहे की नाही, ते अजून सांगता येत नाही.

काल म्हणाले, "आज नऊ होतं."

मी फक्त नऊ लिहिलं.