नोंद आणि चारित्र्य

पोलिसांकडून मिळणाऱ्या ज्या कागदाला आपण चारित्र्य पडताळणीचा दाखला म्हणतो, त्यात चारित्र्य कुठेच नसते. अमक्यावर दप्तरी गुन्हा नोंदलेला आहे की नाही, एवढेच त्यावरून कळते. हा घोटाळा शब्दापुरता असता तर सोडून देता आला असता. पण जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांत मुले घरापासून लांब, रात्रंदिवस परक्या मोठ्यांच्या हवाली असतात. तिथे पडताळणी हवीच. आणि याच मुलांतल्या अनेकांच्या, म्हणजे महादेव कोळ्यांच्या, मागच्या पिढ्यांनी इंग्रजी अमलात पोलिसांची हजेरी सोसली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अमक्या जातीत जन्मणे हीच नोंद ठरवली. तो १९५२ मध्ये रद्द झाला. १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध उठलेले जांभोरीचे होन्या केंगले सरकारी कागदात दरोडेखोर होते आणि डोंगरात बंडकरी. नोंद कोण करतो, यावरही बरेच अवलंबून असते.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तिथे वर्षावासाला राहणाऱ्या भिक्खूंच्या परंपरेने नोंद आणि माणूस यांतला हा प्रश्न फार पूर्वी हाताळला होता. आपल्याकडची वाल्या कोळ्याची गोष्ट तो वाल्मीकी झाला की संपते. बौद्ध परंपरेतल्या दरोडेखोर अंगुलिमालाची तिथे संपत नाही. तो भिक्खू झाला, अर्हतपदाला पोचला, तरी भिक्षेला निघाल्यावर लोकांची दगड-ढेकळे त्याच्या अंगावर बसली आणि बुद्धांनी त्याला ते सोसायला सांगितले. संघाचे नियम सांगणाऱ्या महावग्गानुसार, त्याला पाहून लोक भेदरले, कुरकुरले; तेव्हा कुप्रसिद्ध चोराला यापुढे प्रव्रज्या, म्हणजे संघात प्रवेश, देऊ नये असा नियम बुद्धांनी घातला. पुढे राजदरबारी ज्याचे नाव लिहिले गेले आहे, अशा ‘लिखितक’ चोरालाही दार बंद झाले. पण अंगुलिमालाला कुणी संघाबाहेर काढले नाही. म्हणजे प्रवेशाचा नियम एक आणि माणसाच्या योग्यतेचा निवाडा दुसरा. नियमाने लोकांच्या भीतीची दखल घेतली; माणूस बदलू शकत नाही, असे मात्र म्हटले नाही. (फटक्यांची किंवा डागण्याची शिक्षा भोगून झालेल्यांनाही संघाने अडवले. ते मला पटत नाही, पण लपवण्यात अर्थ नाही.)

यावर कुणी म्हणेल, लेकरांच्या जिवापुढे असले बारकावे कसले? मान्य. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याखालचे २०२० चे नियम मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पडताळणी करायला सांगतात. मुलांवर अत्याचार केल्याचे सिद्ध झालेल्या माणसाला वसतिगृहाच्या दाराशी थांबवताना त्याच्या पश्चात्तापाची खोली मोजत बसण्याचे कारण नाही. पण हे कारण त्या जागेचे आहे, म्हणून बंदीही त्या जागेपुरती. बांधावरच्या मारामारीचा गुन्हा घेऊन तीच नोंद तलाठ्याच्या पदाआड येते, तेव्हा तिला काहीएक तर्क द्यावा लागेल. दाखल झालेला गुन्हा आणि सिद्ध झालेला गुन्हा यांतले अंतर तर गावगप्पांत पहिल्याच दिवशी बुजते. दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणीच्या चुकीकडे उदारपणे पाहिले आणि पाव चोरल्याबद्दल जन्मभर चोर ठरलेल्या, कादंबरीतल्या ज्याँ व्हालज्याँची आठवण काढली.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: माफ करायला निघालात, तर नोंदी ठेवायच्या तरी कशाला? तर त्या लागतातच, कारण विसरायचे कधी आणि किती, हे नोंदीशिवाय ठरत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याने ते ठरवले आहे: गंभीर अपवाद वगळता, बालपणी गुन्हा घडलेल्याच्या नोंदी ठरावीक काळानंतर नष्ट करायच्या. प्रौढांसाठी असा हिशेब आपण मांडलेला नाही. शिवाय कोऱ्या दाखल्यावर विसंबलेल्या संस्थेने एवढे लक्षात घ्यावे, की पहिला गुन्हा करणाऱ्या प्रत्येकाचा दाखला आदल्या दिवशी कोराच असतो.